गुन्ह्याचा रकाना

तिसऱ्या कपाटातलं अकरावं पुस्तक आज टेबलावर आलं.
खळ मी घरूनच करून आणते, गव्हाची,
चिमूटभर मोरचूद घालून; नाहीतर कसर पुन्हा लागते.
सरकारी डबा संपला की महिनाभर येत नाही,
तसा माझा पगारही.

मोडी शिकले त्याला चार वर्षं झाली,
अजून एखादं अक्षर पदराआड तोंड लपवतं.
पण हा कारकून वळणदार हाताचा,
टाक न उचलता ओळ संपवणारा :
नाव, राहणार, वय अंदाजे, जात.
वय सगळ्यांचं अंदाजे.
जात कुठेच अंदाजे नाही.

सन एकोणीसशे तीस, चैत्र.
पंचवटीत धरून आणलेली माणसं.
पानामागून पान.

ठकी भिवा, राहणार मखमलाबाद,
(भिवा बाप की नवरा, कळत नाही)
वय अंदाजे वीस.
जवळ सापडलेला माल :
टोपली एक, भाकरी दीड, तान्हं मूल एक.
मूल मालाच्या रकान्यात.

गुन्हा :

आणि इथे टाक थांबलाय.
शाईचा थेंब पडलाय, मसुराएवढा,
चार पानं खाली उतरलेला.
मग थेंबाला वळसा घालून, बारीक अक्षरात :
देवळाच्या उत्तर दारासमोर बसणे.

चोरी, मारामारी, दारू गाळणे
त्याच्या हाताला पाठ होतं.
हा शब्द घरचा होता.
दारात आलेल्याला आधी म्हणायचा,
बसा.
तो गुन्ह्यात कसा लिहायचा
हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

पुढे, पान चौदा. जखमी.
डोक्यास खोक, तीन टाके. डावा हात मोडला.
दगड मारणारे : माहीत नाहीत.
इथे मात्र टाक कुठेच अडखळलेला नाही.

आमच्या घरात सांगतात,
रथाच्या दोराला पणजोबांचा हात असायचा, दर वर्षी.
एका हाताचं सांगतात.
दुसऱ्याचं मी कधी विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा केली.
गंगा ओलांडली, उत्तर दार शोधलं.
कडेला चपला सांभाळणारा पोरगा, कापराच्या वड्या,
मोबाइलवर बोलत आत जाणारी माणसं.
मी बसले.
काळा दगड इतका तापलेला
की मांडी बदलत पाच मिनिटं काढली.
ती इथे किती वेळ होती, पुस्तकात नाही.
मुलाला सावली कशाची केली, तेही नाही.
होमगार्ड आला. म्हणाला,
“मावशी, जरा बाजूला बसा, गाड्या येतात इथून.”
एवढंच.
मी उठले आणि परतीच्या रिक्षात
मला उगाच रडू आलं, रागाने की कशाने.

दुपारी तिच्या अंगठ्यावर कागद चढवला,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
रेषा अजून स्पष्ट आहेत,
मधून एक आडवी खूण, विळ्याची असावी.
कसरीनेही वाट काढलीय इथून,
सरळ, आरपार,
नावातून, गावातून, जातीच्या रकान्यातून,
कुठेही वळसा न घालता.
ती भोकं मी बुजवली.

शेवटचा रकाना, सुटका. कोरा.
घुगेसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
फाटलेलं जोडायचं,
कोरं भरायचं नाही.
मी टाक हातात घेतला नव्हता,
तरी हात मागे घेतला.

साडेपाचला हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला.
खळीने रेषा गुळगुळीत झाल्यात माझ्या.
ओळख पटली नाही, मशीन म्हणालं.
रज्जाकभाई हसले,
“पुसून लावा, ताई. पुन्हा लावा.”

पुसून लावला. पुन्हा लावला.
मागे रांग वाढत होती
आणि मी दारासमोर उभी होते.